पाणी सुटण्याआधीची नदी

शिरूर तालुक्यात नदीचा अंदाज घ्यायला कोणी आभाळाकडं बघत नाही, पेपर उघडतो. आवर्तन कधी सुटणार, डाव्या कालव्याला की उजव्याला, किती दिवस चालणार, शेपटाकडच्या गावांना पोचणार की वरचेच मोटारी टाकून पिऊन घेणार, ही आमची नदीबद्दलची चर्चा. घोडनदी आमच्यासाठी आधी तारीख असते, मग पाणी. जुनी माणसं शिरूर शहरालाच 'घोडनदी' म्हणतात. न्हावऱ्याच्या साखर कारखान्याचं नाव घोडगंगा. चिंचणीला नदीवर घोड धरण आहे. तिथून ती शिरूर आणि श्रीगोंद्याच्या मधून वाहत दौंडच्या परिसरात भीमेला मिळते, आणि मिळाल्यावर तिचं नाव कोणी घेत नाही.

माझं घर घोडेच्या काठाला आणि नोकरी दौंडला. त्यामुळं ही नदी मी दोन्ही नावांनी ओळखतो. दौंडच्या पुलावरून रेल्वे जाताना खाली दिसतं ते पात्र उन्हाळ्यात जलपर्णीनं हिरवं असतं, पावसाळ्यात गढूळ. या पट्ट्यात वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस. तरीही रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ऊस उभा आहे. हे पाणी आमच्या आभाळातलं नाही, एवढं लहानपणापासून ठाऊक होतं. ज्या आभाळातलं आहे, ते बघायला मात्र आमच्याकडून सहसा कोणी जात नाही. भीमाशंकरला दर्शनाला जातात, नारळ फोडतात आणि त्याच दिवशी परत येतात.

वरून खाली येणारी माणसं मात्र आम्हांला चांगली माहीत. आमच्या कांद्याच्या काढणीला वर्षानुवर्षं एक टोळी येते. बहुतेक बायाच, आणि त्यांच्याबरोबर मुकादमकी करणारा एक म्हातारा. गाव कोणतं विचारलं की तो म्हणायचा, "लांब हाय. आहुप्याकडं." काढणी आटोपली की टेम्पोत बसून टोळी निघून जायची आणि आहुपं तिथंच, 'लांब' राहायचं. यंदा टोळी निघताना म्हातारा वडिलांना म्हणाला, "दादाला धाडा की आवणीच्या दिसांत. आमी दर साल येतो तुमच्याकडं." वडील हसले. मी आषाढात निघालो.

शिरूरहून आहुपे शंभर-सव्वाशे किलोमीटर. मलठण, कवठे येमाई, पारगाव, मंचर, घोडेगाव, डिंभे आणि मग शेवटचा घाटाचा रस्ता. नदीची लांबी सुमारे २०० किलोमीटर आणि हा रस्ता तिला उलटा, उगमाकडं लागलेला. पारगावपर्यंत ऊसच ऊस. कालवे आले तसा ऊस आला, आणि ऊस आला तसा बिबट्याही आला. इथल्या बिबट्यांच्या कित्येक पिढ्या उसातच जन्मल्या. जंगल त्यांनी पाहिलेलं नाही. जुन्नर, आंबेगाव, शिरूर या तालुक्यांत हल्ल्यांत माणसं गेली, लेकरं गेली. संध्याकाळनंतर शेतात एकटं कोणी जात नाही, रात्रीची लाइट असली तर पाणी भरायला दोघं-तिघं मिळून जातात. गावागावांत पिंजऱ्याची मागणी होते, पकडलेले बिबटे जुन्नरजवळच्या माणिकडोहच्या निवारा केंद्रात जातात. हे सगळं मी घरचंच म्हणून सांगतोय. वर गेल्यावर त्याचा संदर्भ वेगळा लागला.

घोडेगावात बाजारपेठ संपते आणि पाट्या बदलतात. तालुक्याचं नाव आंबेगाव असलं तरी कचेऱ्या घोडेगावात. आदिवासी विकास प्रकल्पाचं कार्यालयही इथंच. नावाचं जुनं आंबेगाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली आहे. उन्हाळ्यात पाणी फार खाली गेलं की जुन्या देवळांचे अवशेष उघडे पडतात, लोक बघायला जातात, पहिला पाऊस झाला की पुन्हा बुडतात. मी गेलो तेव्हा जलाशय भरत होता. धरणाची क्षमता साडेतेरा टीएमसी. कुकडी प्रकल्पातली येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे अशी पाच धरणं. त्यांचं पाणी जुन्नर-आंबेगावपासून शिरूर, पारनेर, श्रीगोंदा, कर्जत, थेट करमाळ्यापर्यंत वाटलं जातं. आवर्तनासाठी भांडणारे सगळे तालुके या यादीत सापडतात. ज्यांची जमीन गेली, ती गावं यादीत नाहीत.

जलाशयाला हुतात्मा बाबू गेनूचं नाव आहे. परदेशी कापडाच्या ट्रकसमोर १९३० साली मुंबईत आडवा झालेला हा गिरणी कामगार याच तालुक्यातला, महाळुंगे पडवळचा. पोटासाठी खाली गेलेल्या माणसाचं नाव पोटासाठी खाली जायला लावणाऱ्या पाण्याला मिळालं.

धरण झालं तेव्हा काठावरची कोळी आणि कातकरी कुटुंबं खाली जायला तयार नव्हती. जमीन बुडाली, डोंगर उरला. कुसुम कर्णिक आणि आनंद कपूर यांची 'शाश्वत' संस्था या माणसांबरोबर राहिली. दोन गोष्टींवर तिनं आणि लोकांनी जोर धरला. एक, जलाशयातली मासेमारी बाहेरच्या ठेकेदाराला न देता धरणग्रस्तांच्या सहकारी सोसायटीला मिळावी. दुसरी, पाणी ओसरल्यावर उघड्या पडणाऱ्या गाळाच्या जमिनीत पीक घेण्याचा हक्क, म्हणजे गाळपेर. दोन्ही गोष्टी भांडून मिळाल्या. या कामाला २०१२ साली संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचं इक्वेटर पारितोषिक मिळालं. रस्त्यावरून खाली बघितलं तर पाण्यात जाळी टाकायला निघालेली एक होडी दिसत होती. पाऊस पडत होता आणि होडीतला माणूस डोक्यावर प्लास्टिकचा कागद घेऊन वल्हवत होता.

डिंभ्याच्या पुढं रस्ता पाण्याच्या कडेनं वळणं घेत चढतो. आसाण्याच्या पुढं माळीण.

३० जुलै २०१४ च्या सकाळी डोंगराचा भाग सुटून गावावर आला. १५१ माणसं गेली. बाहेरच्या जगाला हे कळलं ते एसटीच्या ड्रायव्हरमुळं: तो नेहमीच्या फेरीला आला तर समोर गावच नव्हतं. शाळेची इमारत वाचली. नवं माळीण जवळच आमडे इथं वसवलं, एप्रिल २०१७ मध्ये लोक तिथं राहायला गेले. जुन्या जागेवर आता स्मृतिस्तंभ आहे. मी थांबलो तेव्हा एक बाई छत्री घेऊन आली होती. ती कोणाची होती हे मी विचारलं नाही. चौथऱ्यावरचा पाला तिनं हातानं बाजूला केला, नमस्कार केला आणि शेताकडं निघून गेली. आवणीचे दिवस होते. कोणाला थांबायला वेळ नव्हता.

का झालं, यावर बरंच लिहिलं गेलं. सलग दिवसांचा मुसळधार पाऊस, झिजलेल्या बेसॉल्टवरचा जाड मातीचा थर, पाणी मुरून सुटलेला उतार. त्याच्याबरोबर यंत्रं लावून उतारावर केलेल्या सपाटीकरणाचीही चर्चा झाली. हे शेवटचं कारण मला पुढच्या दोन दिवसांत पुन्हा पुन्हा ऐकायला मिळालं, पण वेगळ्या बाजूनं.

आहुप्याला पोचलो तेव्हा दुपार असूनही उजेड संध्याकाळचा होता. ढग गावातच होता. घर शोधायची गरज पडली नाही. पावसात मोटरसायकलवर आलेला माणूस म्हणजे पाहुणाच असणार, पोरांनी ओरडून सांगितलं. म्हातारा खाचरात होता. गुडघाभर चिखलातून हात वर करून म्हणाला, "आलास व्हय दादा? ये, ये. आधी आंग कोरडं कर. बाय, चुलीपाशी बसव त्याला."

घराच्या भिंती कारवीच्या कुडाच्या, शेणमातीनं लिंपलेल्या. वर अर्धी कौलं, अर्धे पत्रे. पावसाच्या बाजूनं झड लागू नये म्हणून पेंढा आणि प्लास्टिक बांधलेलं. आत एका बाजूला गुरं, एका बाजूला माणसं, आणि वर माळ्यावर वर्षाचं सरपण. चूल विझत नाही, कारण विझली तर ओल घरात शिरते. धुरानं डोळे चुरचुरत होते, पण त्याच धुरानं वरचं भात, बी-बियाणं आणि लाकूड टिकतं. म्हातारीनं गुळाचा कोरा चहा दिला आणि माझे कपडे चुलीवरच्या काठीवर टाकले. मी परत निघेपर्यंत ते पुरते वाळले नाहीत.

इथं राहणारे महादेव कोळी. शेती भाताची, वरच्या उतारांवर नाचणी, वरई, सावा, खुरासणी. भाताच्या रोपासाठी उन्हाळ्यात राब भाजतात: पाला, गवत, शेण यांचे थर जमिनीवर पसरून जाळायचे आणि त्या भाजलेल्या मातीत रोप टाकायचं, म्हणजे तण कमी आणि रोप दमदार. पाऊस लागला की रोप उपटून खाचरात लावायचं, ती आवणी. आमच्याकडं मजूर एकरी ठरतो. इथं आज याच्या खाचरात, उद्या त्याच्या. पैसे कोणी मोजत नाही, पण कोणाकडं किती माणसं गेली याचा हिशेब पक्का असतो.

खाचर तयार करायचं कामही असंच व्हायचं. त्याला पडकई म्हणतात. उतारावर दगड रचून बांध घालायचा, वरची माती खाली ओढून सपाट करायची, आणि हे सगळं मिळून, पाळीपाळीनं, एकमेकांच्या जमिनीत. एक खाचर पुरं व्हायला कधी कधी एकापेक्षा जास्त उन्हाळे लागायचे. 'शाश्वत'च्या प्रयत्नांतून हे काम रोजगार हमीत आलं, म्हणजे आपल्याच जमिनीत बांध घालताना मजुरी मिळायला लागली आणि उन्हाळ्यात खाली जाणं थोडं कमी झालं. पुढं कुठं कुठं यंत्रं शिरली. म्हातारा बांधाच्या दगडावर पाय आपटून म्हणाला, "ह्यो माज्या बानं घातल्याला. पानी कुटून जातंय, त्यो बघत बघत घातला. मशिनीला काय दिसतंय? ती येका दिसात डोंगर कापती, आन् पानी पुढल्या साली वाट शोधतंय." तज्ज्ञांच्या अहवालात हीच गोष्ट निचऱ्याच्या नावानं येते. हातानं खाचर करणाऱ्याला ओहोळ मोडायला वेळच मिळत नाही. तो त्याला वळसा घालतो.

मी आवणीला उभा राहिलो. कमरेत वाकून, मागं मागं सरकत, चार-चार काड्यांचा चूड चिखलात खोचायचा. बाया बोलत, हसत, मला मागं टाकून कधीच पुढं गेल्या. "कांद्याच्या रानात आमाला म्हनायचास, हात चालवा," त्यांतली एक म्हणाली, आणि सगळ्या खाचरभर हसू पसरलं. म्हटलं तर थट्टा होती.

रात्री जेवायला नाचणीची भाकरी, कणगीतलं धान्य संपत आल्यामुळं थोडाच भात, आणि रुखाळूच्या वड्या. रुखाळू हे अळूसारखं पान, पण ते झाडांच्या खोडांवर, फांद्यांच्या बेचक्यांत वाढतं आणि फक्त पावसाळ्यात येतं. कोणी तरी ओहोळातून काळे खेकडे आणले होते, त्यांचा रस्सा. भारंगी, कुर्डू, करटुली ही नावं मी शहरातल्या रानभाजी महोत्सवांच्या फलकांवर वाचली होती. इथं म्हातारीला त्यांचा महोत्सव वाटत नव्हता. धान्याची कणगी आषाढात तळाला जाते आणि तेव्हाच रान भाज्या देतं, एवढाच त्यातला मेळ.

दुसऱ्या दिवशी पाऊस थोडा उघडला आणि म्हातारा मला भैरवनाथाच्या राईत घेऊन गेला. राईच्या आधी चप्पल काढायची. आत शिरल्यावर पहिल्यांदा लक्षात आलं ते छताची उंची. भीमाशंकरच्या या पट्ट्यातलं माथ्यावरचं रान सदाहरित असलं तरी बुटकं असतं: माती पातळ आणि कड्यावरचा वारा सोसावा लागतो. राईत तसं नाही. अंजनी, जांभूळ, पारजांभूळ, हिरडा, आंबा. खोडांवर शेवाळ, नेचे, आमऱ्या. आणि माणसाच्या मांडीएवढ्या वेली एका झाडावरून दुसऱ्यावर गेलेल्या. वर पानं हलली. म्हातारा म्हणाला, "शेकरू." तांबूस अंगाची, झुबकेदार शेपटीची ती मोठी खार एका फांदीवरून दुसरीवर गेली आणि दिसेनाशी झाली. महाराष्ट्राचा राज्यप्राणी म्हणून तिचं चित्र आमच्या दौंडच्या शाळांच्या भिंतींवर असतं. भीमाशंकर अभयारण्य १९८५ साली जाहीर झालं ते मुख्यतः तिच्यासाठी. क्षेत्र सुमारे १३० चौरस किलोमीटर.

राई मात्र अभयारण्याच्या कितीतरी आधीपासून राखलेली. इथलं वठलेलं झाडही कोणी तोडत नाही. पडलं तर पडू द्यायचं, कुजलं तर कुजू द्यायचं. चुलीला न्यायचं नाही. १९७० च्या दशकात वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी सह्याद्रीतल्या देवरायांचा अभ्यास केला, तेव्हा भोवतालचा डोंगर उघडा पडलेला असतानाही या छोट्या तुकड्यांत जुनं रान शिल्लक असल्याचं त्यांनी नोंदवलं.

त्या कुजणाऱ्या ओंडक्यांपाशी मला न्यू गिनीतले अस्मत आठवले. दूरच्या पर्जन्यवनांचं वेड मला लहानपणापासून आहे आणि अस्मतांबद्दल मिळेल ते मी वाचलं आहे. बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावर, खारफुटीच्या चिखलात त्यांची गावं. अन्न सागोच्या झाडाच्या गाभ्यातून मिळतं. मेलेल्या माणसांसाठी ते खारफुटीच्या लाकडातून उंच खांब कोरतात; त्यांना बिस म्हणतात. तिथं वस्तू जमवायला गेलेला मायकेल रॉकफेलर १९६१ साली बेपत्ता झाला आणि अस्मत जगाच्या वर्तमानपत्रांत आले. त्यानं आणलेले खांब आज न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात काचेसारख्या स्वच्छ दालनात उभे आहेत. अस्मत स्वतः मात्र उत्सव संपला की हे खांब सागोच्या रानात नेऊन टाकतात. लाकूड तिथं कुजतं, त्यातलं बळ सागोच्या झाडांना मिळतं आणि झाडं माणसांना खायला घालतात. तिथला पाऊस बारा महिन्यांचा, इथला चार महिन्यांचा. तिथला चिखल समुद्राचा, इथला डोंगराचा. पण लाकूड कुजायला ठेवणं हे काम आहे, दुर्लक्ष नाही, हे दोन्हीकडच्या माणसांना कळतं. बाहेरचा माणूस येतो तो उचलून नेण्याजोगं काय आहे ते बघत.

रात्री राईच्या बाहेरच्या रानात गेलो. म्हाताऱ्याचा नातू बरोबर होता, आश्रमशाळेत नववीत शिकणारा. तो म्हणाला, "बॅटरी बंद करा, डोळं सरावू द्या." आधी काहीच दिसेना. मग खाली, पायांजवळ, ओल्या फांद्यांवर फिकट हिरवट उजेड दिसायला लागला. फांद्या, पाला, झाडाच्या बुंध्याची साल, सगळीकडं. लाकडात वाढणाऱ्या बुरशीचा हा उजेड. तिच्यातलं एक रसायन विकराच्या मदतीनं प्राणवायूशी संयोग पावतं आणि त्यातून थंड प्रकाश सुटतो. पावसाचे पहिले दोन महिने, ओल भरपूर आणि अंधार पक्का असला की दिसतो. नातवानं हे सगळं मला नीट सांगितलं. पर्यटकांना दाखवून दाखवून त्याला पाठ झालं होतं. शनिवार-रविवारी पुण्या-मुंबईहून गाड्या येतात. "काही लोक लाकूड घरी न्यायला बघतात," तो म्हणाला. "घरी नेल्यावर वाळतं. मग उजेड जातो. तरी नेतात."

गावाला रोकड पैसा देणारं मुख्य झाड हिरडा. फळ पिकायच्या आधी, कोवळं असतानाच काढून वाळवतात, तो बाळहिरडा. औषधाला जातो आणि भाव त्यालाच असतो. उन्हाळ्याच्या तोंडाला माणसं झाडावर चढतात, बाया-पोरं खाली वेचतात, अंगणात आणि खडकावर वाळत घालतात. आदिवासी विकास महामंडळानं खरेदी सुरू केली तर भाव बरा. नाही तर व्यापारी देईल तो. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं, तेव्हा जुन्नर आणि आंबेगावच्या या पट्ट्यात घरांची छपरं उडाली आणि हिरड्याचं मोठं नुकसान झालं. भरपाई मागताना अडचण उभी राहिली: हिरडा हे शेतातलं पीक धरायचं की रानातली वस्तू? त्यासाठी किसान सभेला वर्षानुवर्षं आंदोलनं करावी लागली. आमच्याकडं गारपिटीनं कांदा गेला तर तलाठी पंचनाम्याला येतो. हिरड्याचं झाड पिढ्यान्‌पिढ्या एका घराचं असतं, कोणतं झाड कोणाचं हे सगळ्या गावाला ठाऊक असतं, पण कागदाला ते ठाऊक नसतं.

राईतून परत येताना वाटेत एका दगडाला शेंदूर लावलेला दिसला. वाघोबा. वसुबारसेच्या दिवशी इथं वाघबारस करतात. गुराखी पोरं घरोघर शिधा मागतात, वाघोबाच्या ठाण्याजवळ खीर शिजवतात, त्याला नैवेद्य दाखवतात आणि गुरं राख म्हणून विनवतात. मी आमच्याकडच्या बिबट्यांचं सांगितलं. म्हाताऱ्याला ते ठाऊक होतं. कांद्याच्या रानात झोपताना त्यांची टोळी मध्ये लेकरं आणि कडेनं मोठी माणसं अशी झोपायची. "इथं तो नेऊन नेऊन वासरू नेतो," म्हातारा म्हणाला. "तुमच्या उसात त्याला रान हाय पर रानातलं खानं न्हाई." त्याच्या बोलण्यात बिबट्याबद्दल ना प्रेम होतं ना राग. खाली भीती, वर नैवेद्य, असं सरळ वाटून टाकण्याजोगं हे नाही. भीती वरही आहे. पण वर तिला वर्षातला एक दिवस, एक दगड आणि एक पातेलं खीर ठरवून दिलेली आहे. खाली आम्ही उसाची तारीख ठरवली, पाण्याची ठरवली, आणि त्यातून जो आला त्याचं काय करायचं हे ठरवायचं राहून गेलं.

शेवटच्या दिवशी कड्यावर गेलो. गावापासून चालत थोड्या अंतरावर सह्याद्री संपतो. खाली कोकण, मुरबाड तालुका. ढग फाटला तेव्हा गोरखगड आणि मच्छिंद्रगडाचे सुळके दिसले, पुन्हा झाकले गेले. आहुपे घाटानं खाली खोपिवलीला उतरता येतं; जुन्या काळी मिठासाठी, बाजारासाठी, म्हशाच्या जत्रेतल्या बैलांसाठी माणसं याच वाटेनं जायची. वारा इतका, की कड्यावरून पडणारं पाणी खाली न जाता उलटं वर उडून आमच्याच अंगावर येत होतं.

म्हातारा एका उंचवट्यावर उभा राहिला. दोन्ही बाजूंना पाय टाकून म्हणाला, "ह्या आंगाचं पानी कोकणात. ह्या आंगाचं तुमच्यात." पश्चिमेचा थेंब उल्हासच्या खोऱ्यातून अरबी समुद्राला जातो. पूर्वेचा थेंब घोड होतो, डिंभ्यात थांबतो, कालव्यातून आमच्या उसाला जातो, उरला तर भीमा, उजनी, कृष्णा करत बंगालच्या उपसागराला. दोन्ही थेंब एकाच ढगातले. उगम म्हणून बोट दाखवावं असा एकच झरा मला दिसला नाही. सगळा माथाच पाझरत होता: खडकाच्या भेगांतून, खाचरांच्या सांडव्यांतून, पायवाटेवरून.

घरी परतल्यावर मी विचारलं, एवढं पाणी, मग उन्हाळ्यात काय? म्हातारी त्यावर बोलली, तीच पहिल्यांदा एवढं बोलली. एप्रिल-मेमध्ये विहीर तळाला जाते. खडकावर माती पातळ, उतार तीव्र. आषाढात पडलेलं सगळं निघून जातं. मग झऱ्यावर रात्री जाऊन वाटीनं पाणी भरायचं, हंडा भरायला वेळ लागतो म्हणून नंबर लावायचे. खोऱ्यात काही ठिकाणी टँकर येतो. खाली डिंभ्यात त्याच वेळी आमचं उन्हाळी आवर्तन सुरू असतं. आमचा ऊस भिजत असतो आणि त्याच महिन्यांत या घरातल्या बाया आमच्याकडं कांदा काढत असतात. "तिकडं मोटारीखाली डोकं धुया मिळतं," म्हातारी म्हणाली. त्यात तक्रार नव्हती. खाली जाण्याच्या फायद्यांत तिनं तेही मोजलं होतं.

आमच्याकडं अशा गावांना दुर्गम म्हणतात. सरकारी कागदात तसं लिहिलेलं असतं, आणि लिहिणाऱ्याला जाताना त्रास झाला एवढाच त्याचा अर्थ असतो. आहुप्याच्या माणसांनी मात्र शिरूर, नारायणगाव, मंचर कधीच दूर मानलं नाही. त्यांना परवडलंच नसतं. नारायणगावच्या स्टँडवर भल्या सकाळी भरणारा मजुरांचा बाजार, तिथं कोणत्या महिन्यात द्राक्षाचं काम, कोणत्या महिन्यात टोमॅटोचं, कुठला शेतकरी संध्याकाळी रोख देतो, कुठला 'उद्या घ्या' म्हणतो, हे सगळं या ढगातल्या घरात पाठ आहे. आमच्या आवर्तनाची तारीखही म्हाताऱ्याला माझ्याआधी कळते, कारण पाणी सुटलं की लागण आणि लागण झाली की काम.

निघताना नातवानं रुखाळूची पानं पिशवीत बांधून दिली. म्हातारा मोटरसायकलपाशी आला. मला वाटलं निरोपाचं काही बोलेल.

"दादा, यंदा रब्बीचा कांदा किती येकर लावनार?"

मी म्हटलं, वडिलांना विचारून सांगतो, पण तीन एकर तरी असेल.

"मंग लागनीलाच सांगा. काढणीला पोरी दुसरीकडं गुततात. आन् एकरी भाव आताच बोलू. गेल्या साली तुमच्या शेजारच्यानं जास्त दिला." त्यानं आकडा सांगितला. तो गेल्या वर्षी आम्ही दिला त्यापेक्षा बराच वर होता. "टेम्पोचं भाडं तुमच्याकडं. आन् पोरींना पान्याची सोय रानातच पायजे, लांबून आनाया लावू नका."

भर पावसात, दोघांच्याही डोक्यावरून पाणी गळत असताना, आम्ही भाव ठरवला. मी थोडा कमी करायला बघितला, घरची सवय. म्हातारा हलला नाही. शेवटी त्याचाच आकडा ठरला, पाण्याच्या सोयीसकट, आणि मी वडिलांना डिंभ्याला रेंज आल्यावर फोन करून तो सांगितला. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि मग विचारलं, "धरण किती भरलंय?"